‘अपारे’ कीं ‘अवारे’ ? — कौटिलीय अर्थशास्त्रांतील पाण्याच्या पाळीचा एक पाठ

पोथींतील एका अक्षरावर वाद घालणें हा निरुद्योगी पंडितांचा विरंगुळा होय, असा समज शिकल्यासवरलेल्या लोकांतही आढळतो. प्रस्तुत लेखांत ज्या अक्षराचा विचार करावयाचा आहे, तें मात्र शेताच्या बांधावर येऊन उभें राहतें. कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘धर्मस्थीय’ नांवाच्या तिसऱ्या अधिकरणांत, नवव्या अध्यायाच्या शेवटीं, बांधांतील पाणी सोडण्यासंबंधीं एक श्लोक आहे. त्यांतील एका पदांत ‘प’ वाचावा कीं ‘व’ वाचावा, एवढाच प्रश्न. ‘प’ वाचला तर श्लोक बांधाच्या मोरीचें रक्षण सांगतो. ‘व’ वाचला तर शेजाऱ्याच्या पाळीचें रक्षण सांगतो. शेतीचें पाणी वांचविण्याच्या आपल्या जुन्या रीतींविषयीं हल्लीं पुष्कळ लिहिलें जातें, आणि त्यांत ह्या दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते. म्हणून ह्या पाठाची चिकित्सा करून त्यावरून काय निष्पन्न होतें व काय होत नाहीं, हें येथें पाहण्याचें योजिलें आहे.

प्रथम ग्रंथाच्या छपाईचा इतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. तंजावरकडील एका पंडितानें म्हैसूरच्या सरकारी ग्रंथसंग्रहास दिलेल्या ताडपत्रांवरून आर. शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें अर्थशास्त्र प्रथम छापून काढलें, व इ. स. १९१५ मध्यें त्याचें समग्र इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. पुढें त्रिवेंद्रम येथें टी. गणपतिशास्त्री यांनीं स्वतःच्या संस्कृत टीकेसह ग्रंथ संपादिला, आणि मुंबई विद्यापीठानें प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति इ. स. १९६० ते १९६५ ह्या अवधींत तीन भागांत प्रसिद्ध केली. शामशास्त्री यांनीं केवळ नांवानें माहीत असलेला ग्रंथ जगापुढें ठेवला; त्यांचे उपकार कोणत्याही पाठभेदानें कमी होत नाहींत. तथापि अल्प साधनांवरून केलेल्या पहिल्या वाचनाचे दोष नंतरच्या पिढ्यांनीं दाखविणें, हाच त्या उपकारांची फेड करण्याचा मार्ग होय.

आतां प्रत्यक्ष श्लोकाकडे वळूं. त्याचा पूर्वार्ध असें सांगतो कीं, बांधांतून पाणी अमुक रीतीनें सोडणाऱ्यास सहा पण दंड व्हावा. आणि उत्तरार्ध असें सांगतो कीं, इतरांचें पाणी प्रमादानें अडविणाऱ्यासही तोच दंड. ‘अमुक रीतीनें’ ह्या जागीं जें पद आहे, तेंच वादाचें मूळ. शामशास्त्री तेथें ‘अपारे’ असें वाचतात, व ‘मोरीखेरीज अन्य ठिकाणीं’ असा त्याचा अर्थ करतात. उत्तरार्धाचाही अर्थ ते मोरीस धरूनच लावतात. प्रा. कंगले पूर्वार्धांत ‘अवारे’ व उत्तरार्धांत ‘वारे’ असा पाठ घेतात. मग अर्थ होतो तो असा: स्वतःची पाळी नसतां जो पाणी सोडून घेतो, तो दंडास पात्र, आणि दुसऱ्याची पाळी असतां जो निष्काळजीपणानें त्याचें पाणी अडवितो, तोही तितकाच पात्र.

ह्या दोहोंपैकीं ग्राह्य पाठ कोणता, हें ठरवितांना चार गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट लिपीची. ग्रंथाच्या मुख्य पोथ्या दक्षिणेकडील, ग्रंथ व मलयाळम लिपींतल्या आहेत. ज्यास मलयाळम अक्षरांची थोडीशी ओळख आहे, त्यास त्या लिपींतील ‘प’ आणि ‘व’ ह्यांच्या आकृति किती जवळच्या आहेत, हें सांगावयास नको. ताडपत्रावर लोखंडी लेखणीनें कोरलेल्या व काळानें झिजलेल्या ओळींत एकाच्या जागीं दुसरें वाचलें जाणें अगदीं सहज घडण्यासारखें आहे. मात्र ह्यावरून चूक शक्य ठरते, सिद्ध होत नाहीं.

दुसरी गोष्ट कोशाची. ‘पार’ म्हणजे पलीकडील तीर किंवा शेवट. त्याचा ‘पाण्याची मोरी’ असा अर्थ ओढूनताणूनच काढावा लागतो. उलट ‘वार’ शब्दास अमरसिंहानें समूह व अवसर असे दोन अर्थ दिले आहेत, आणि आपण मराठींत ‘वारंवार’ म्हणतों किंवा दिवसांचे वार मोजतों, तेव्हां हाच दुसरा अर्थ वापरीत असतों. येथें एक आक्षेप मात्र संभवतो, व तो दडवून ठेवणें बरें नव्हे. ‘अवार’ असा एक स्वतंत्र शब्द संस्कृतांत आहे व त्याचा अर्थ अलीकडील तीर. ‘पारावार’ ह्या समुद्रवाचक शब्दांत तो सर्वांच्या परिचयाचा आहे. तेव्हां ‘अवारे’ म्हणजे ‘अलीकडच्या कांठीं’ असें कोणी म्हटलें तर ? त्यास उत्तर उत्तरार्ध देतो. तेथें नुसतें ‘वारे’ आहे, आणि ‘वार’ म्हणजे तीर असा अर्थ येथें जुळत नाहीं. एकाच श्लोकांत समोरासमोर ठेवलेलीं हीं दोन पदें परस्परांचा निषेध करणारीं असलीं पाहिजेत. अर्थात् ‘पाळींत’ आणि ‘पाळी नसतां’ हाच अर्थ उरतो.

तिसरी गोष्ट वाक्याची, आणि आमच्या मतें हीच निर्णायक होय. उत्तरार्धांत ‘इतरांचें’ व ‘प्रमादानें’ अशीं दोन विशेष पदें आहेत. मोरीचा अर्थ घेतला तर मोरी अडविणारा सर्वांचेंच पाणी अडवितो. मग ‘इतरांचें’ म्हणण्यांत विशेष तो काय राहिला? पाणी ‘इतरांचें’ केव्हां होतें ? तें वांटलेलें असेल तेव्हां. आणि वाहतें पाणी धान्यासारखें मापानें वांटतां येत नाहीं. तें वेळानें वांटावें लागतें. म्हणजे ‘इतरांचें’ हें पदच पाळीची अपेक्षा करतें. ‘प्रमादानें’ ह्या पदाचीही तीच गोष्ट. आपलें शेत भिजवून झाल्यावर दारें मोडून पाणी पुढें न सोडणें, हा शेतकऱ्याचा नेहमींचा प्रमाद. त्यांत दुष्टबुद्धि असतेच असें नाहीं, झोंप लागली तरी तो घडतो. शास्त्रकारानें त्यासही मुद्दाम पाणी चोरणाऱ्याइतकाच दंड ठेवला, ह्यावरून शेजाऱ्याच्या नुकसानीचें माप त्यानें हेतूवर न ठेवतां परिणामावर ठेविलें, हें उघड होतें.

चौथी गोष्ट प्रकरणाची. कोणी म्हणेल कीं, ह्या श्लोकापूर्वीचे नियम बांध, तलाव व त्यांची दुरुस्ती ह्यांविषयीं आहेत; तेव्हां श्लोकही बांधाच्या रक्षणाविषयींच असावा. परंतु ते नियम नीट पाहिले तर उलट प्रकार दिसतो. मागाहून बांधलेल्या खालच्या तलावानें वरच्या तलावाच्या शेतांत पाणी तुंबवूं नये. वर बांधलेल्या तलावानें खालच्या तलावाकडे जाणारा लोंढा अडवूं नये, मात्र खालच्या तलावाचें काम तीन वर्षें बंद पडलें असल्यास गोष्ट वेगळी. पांच वर्षें न वापरलेल्या बांधावरील स्वामित्व, आपत्तीचा प्रसंग सोडून, नष्ट व्हावें. नवा तलाव किंवा बांध घातल्यास पांच वर्षें, मोडून टाकून दिलेला दुरुस्त केल्यास चार वर्षें, झाडझुडूप माजलेला साफ केल्यास तीन वर्षें सूट मिळावी. ह्या सर्व नियमांत दगडमातीपेक्षां एकाचा दुसऱ्याशीं असलेला पाण्याचा संबंधच मुख्य आहे. वरचा व खालचा, आधींचा व मागाहूनचा, वापरणारा व टाकून देणारा, अशा जोड्या लावून शास्त्रकार न्याय सांगत आहे. पाळींतला व पाळीबाहेरचा ही जोडी त्याच मालिकेंतली शेवटची होय. म्हणून प्रा. कंगले यांचा पाठ ग्राह्य, असें आम्हांस निःसंशय वाटतें.

ह्या निर्णयाचा शेतांतील पाण्याच्या काटकसरीशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध असा. आपली पुढची पाळी नक्की केव्हां येणार हें ज्या शेतकऱ्यास ठाऊक नाहीं, तो हातीं आलेलें पाणी जरुरीपेक्षां जास्त घेतो. पिकाच्या मुळांस जेवढें शोषतां येईल त्याहून अधिक देऊन ठेवतो, आणि तें जमिनीखालीं निघून जातें, किंवा सखल जागीं सांचून जमीन चोपण करतें. पाळी निश्चित असली तर तोच मनुष्य हात आंखडता घेतो. पाणी उधळण्याचें मूळ अज्ञानापेक्षां अविश्वासांत अधिक आहे. पाळीचें रक्षण करणारा दंड हा ह्या दृष्टीनें पाणी वांचविण्याचाच नियम होय. मोरीचें रक्षण करणारा दंड केवळ मोरी वांचवितो.

ह्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणांत, सीताध्यक्षाच्या चोविसाव्या अध्यायांत, ह्या विचारास पूरक अशीं वचनें आहेत. पाणी हातानें वाहून घातल्यास पंचमांश, खांद्यावरून वाहून घातल्यास चतुर्थांश, व यंत्रानें प्रवाहांत सोडून घेतल्यास तृतीयांश असा राजाचा उदकभाग सांगितला आहे. म्हणजे श्रम जितके कमी, तितका भाग अधिक. त्यापुढें असें सांगितलें आहे कीं, कामाचें व पाण्याचें प्रमाण पाहून पावसाळी, हिवाळी किंवा उन्हाळी पीक ठरवावें. पिकाकरितां पाणी शोधावयाचें नाहीं, पाणी पाहून पीक ठरवावयाचें, असा हा क्रम आहे. आणि लगेच पुढें पिकांची प्रतवारी लावतांना भात इत्यादि धान्यें उत्तम, भाजीपाला मध्यम व ऊस कनिष्ठ असें म्हटलें आहे. कारण ऊस हा पुष्कळ बाधांचा व खर्चाचा. महाराष्ट्रांतील कालव्यांखालच्या गांवांनीं हें वचन अवश्य वाचावें. तथापि शास्त्रकारानें उसास पाणी फार लागतें असें कारण दिलेलें नाहीं, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे; आपल्यास हवें तें ग्रंथाच्या तोंडीं घालणें ही चिकित्सा नव्हे.

येथें आम्हांस दुसऱ्या बाजूच्या चुकीकडे वळणें भाग आहे. ‘अवारे’ हा पाठ स्वीकारतांच एक मोह उत्पन्न होतो. आपल्या बागलाण व खानदेश भागांत पांझरा, मोसम, आरम इत्यादि नद्यांवर ‘फड’ नांवाची पाण्याची व्यवस्था होती. तिची परंपरा कौटिल्यापासून अखंड चालत आली, असें म्हणण्याचा हा मोह. फडाची रचना ज्यांस माहीत नाहीं त्यांच्याकरितां ती संक्षेपानें सांगतों. नदीवर दगडी बंधारा. त्यापासून निघालेला पाट. पाटाखालच्या जमिनीचे सामान्यतः तीनचार मोठे भाग, त्यांस फड म्हणत. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. एका फडांत ऊस असला तर बाकीच्या फडांत हंगामी पिकें, आणि दरवर्षीं हा क्रम फिरता. शेतकऱ्याची जमीन शक्य तों प्रत्येक फडांत थोडीथोडी असे. पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, देखरेख करणारा हवालदार हे सर्व शेतकऱ्यांनींच नेमलेले व पोसलेले. शेतकऱ्यानें स्वतः पाण्यास हात लावावयाचा नाहीं.

ह्या रचनेंत पाणी कसें वांचे, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. एकाच पिकाचें सलग शेत असल्यामुळें पाटाचा तेवढाच भाग भिजे, व रिकाम्या चाऱ्यांत पाणी मुरून जात नसे. एका वाफ्यांतून पाझरलेलें पाणी शेजारच्या त्याच पिकास उपयोगी पडे. पाणी कमी असेल त्या वर्षीं एखादा फड कोरडा ठेवण्याचें ठरे, आणि प्रत्येकाची जमीन सर्व फडांत असल्यानें तोटा सर्वांस सारखा बसे. पाणी पाहून पीक ठरवावें, हें सीताध्यक्षाच्या अध्यायांतील सूत्र येथें गांवकऱ्यांनीं प्रत्यक्ष आचरिलेलें दिसतें.

परंतु आचार सारखा दिसला म्हणून उगम एक ठरत नाहीं. फडाचें वय तीनचारशें वर्षांचें असावें असा सामान्य अंदाज आहे. अर्थशास्त्राचा काल कोणी मौर्यांच्या वेळीं नेतात, तर कोणी ख्रिस्ती सनाच्या पहिल्या शतकांत आणतात. मधल्या दीड-दोन हजार वर्षांचा सांधा जोडणारा पुरावा पुढें केल्यावांचून परंपरा सांगणें म्हणजे कल्पित वंशावळ लिहिणें होय. शिवाय शास्त्र ‘असें व्हावें’ असें सांगतें. ‘असें होत होतें’ हें सांगण्याचें काम कागदपत्रांचें, शिलालेखांचें व जागेवरील अवशेषांचें. आणखी एक भेद असा कीं, कौटिल्याचा दंड राजा घेतो. फडांतील शिस्त गांवच राखतें. पंजाब व हरियाणाकडे कालव्याच्या पाण्याच्या पाळीस ‘वाराबंदी’ म्हणतात, व आपल्याकडे सरकारी कालव्यांवर ‘शेजपाळी’ आहे. वाराबंदींतील ‘वार’ शब्द ऐकून संस्कृतज्ञास आनंद होईल. पण शब्दाचें आयुष्य आणि संस्थेचें आयुष्य हीं दोन निराळीं मापें आहेत.

असाच दुसरा मोह अलीकडच्या इतिहासाविषयीं होतो. सर मो. विश्वेश्वरय्या यांनीं नीरा कालव्यावर इ. स. १९०० च्या सुमारास ‘ब्लॉक पद्धति’ आणली. तींत ठराविक क्षेत्रास दीर्घ मुदतीनें पाणी द्यावयाचें, व त्याच्या सुमारें तृतीयांशांतच ऊस, बाकींत इतर पिकें, असा नियम होता. मुंबई इलाख्याच्या नोकरीच्या आरंभीं, इ. स. १८८४ नंतर, ते खानदेशांतही होते. तेव्हां त्यांनीं फड पाहून ब्लॉक काढला, असें म्हणणें सोपें आहे, आणि तें घडलेंही असेल. परंतु ‘असेल’ आणि ‘आहे’ ह्यांत इतिहासानें अंतर राखलें पाहिजे. दोहोंतील साम्य पिकांच्या फेरपालटांत आहे. भेद त्याहून मोठा आहे. ब्लॉकांतील शेतकरी सरकारशीं करार करतो. फडांतील शेतकरी शेजाऱ्याशीं बांधलेला असतो.

हा भेद आज केवळ ग्रंथांतला राहिलेला नाहीं. मोसम नदीवर हरणबारी, आरम नदीवर केळझर अशीं धरणें वरच्या अंगास झालीं. विहिरी व पंप वाढले. ज्याच्या विहिरीस पाणी त्यानें स्वतःचें पीक स्वतः ठरवावें, असा काळ आला, आणि पुष्कळ बंधाऱ्यांवरील फड मोडले. वर बांधलेल्या तलावानें खालच्याचा लोंढा अडवूं नये, हा अर्थशास्त्रांतील नियम येथें आठवल्याशिवाय राहत नाहीं. नवीं धरणें नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांनीं पुष्कळ कोरड्या गांवांस पाणी दिलें आहे. परंतु खालच्या बंधाऱ्याचा पूर्वापार हक्क काय, हा प्रश्न धरणाच्या नकाशांत मांडला जावयास हवा होता. इ. स. २००५ मध्यें महाराष्ट्रानें कालव्यांचें व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोंपविण्याचा कायदा केला. हेतु उत्तम, पण संस्था कागदावर नोंदवितां येते, पाळी मात्र रोजच्या रोज राखावी लागते.

ठिबक सिंचनासारखीं नवीं साधनें पाणी वांचवितात, ह्यांत शंका नाहीं. थेंब मुळापाशीं पडतो, वाफा भरावा लागत नाहीं. परंतु वांचलेलें पाणी कोणाचें, ह्या प्रश्नास नळी उत्तर देत नाहीं. तेंच पाणी त्याच शेतकऱ्यानें आणखी दोन एकर उसास लावलें, तर त्याच्या घरीं समृद्धि आली, पण नदींत किंवा शेजाऱ्याच्या विहिरींत एक घागरही वाढली नाहीं. पाणी खरें वांचलें असें तेव्हांच म्हणतां येईल, जेव्हां तें पुढच्याच्या पाळीस पोंचेल. ‘इतरांचें’ हें जें एक पद श्लोकांत आहे, त्याचें आजच्या काळांतलें भाष्य हेंच होय. साधनांवर अनुदान देणारे व जुन्या बंधाऱ्यांचें कौतुक करणारे, दोघेही बहुधा वस्तूकडे पाहतात. पाळीकडे कोणी पाहत नाहीं. पहिल्या संपादकास त्या जागीं मोरी दिसली व पाळी दिसली नाहीं, तसेंच हें आहे. त्यांच्यापुढें झिजलेलें ताडपत्र होतें. आपल्यापुढें तें कारण नाहीं.

तात्पर्य, ‘अवारे’ हा पाठ स्वीकारावा. त्यावरून प्राचीन धर्मशासनास पाण्याची पाळी ही रक्षणीय वस्तु वाटत होती, एवढें सिद्ध मानावें. आणि त्याहून अधिक कांहीं म्हणावयाचें असेल तर पुरावा शोधावा. तो शोधण्याची जागा संस्कृत पोथ्यांत नसून बागलाणांत व खानदेशांत आहे. पाटकऱ्यांच्या घरांतील हिशेबाचे कागद, कोणत्या वर्षीं कोणता फड कोरडा ठेविला ह्याच्या नोंदी, बंधाऱ्याच्या दुरुस्तीच्या वर्गणीच्या याद्या, पाण्याच्या तंट्यांचे निवाडे, हें साहित्य जेथें जेथें शिल्लक असेल तेथून त्याच्या नकला करून घेणें हें संशोधकांचें तांतडीचें काम आहे. ज्यांनीं फड चालवितांना पाहिले तीं माणसें आतां फार वृद्ध झालीं आहेत. त्या त्या भागांतील अभ्यासकांनीं एक एक बंधारा वांटून घेऊन हें काम हातीं घ्यावें, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.